डॅलेक आणि अहिंसेची कसोटी

टेरी नेशन यांची ‘द डॅलेक्स’ ही ‘डॉक्टर हू’ मालिकेंतील सात भागांची कथा बीबीसीनें १९६३-६४ सालीं दाखविली. तींतील थाल लोक पूर्वजांच्या महायुद्धाच्या अनुभवानें शस्त्रसंन्यास घेतलेले. त्यांचा नायक टेमॉसस सख्याची भाषा बोलत असतां डॅलेक त्यास ठार करतात; तरीहि थाल लढावयास उठत नाहींत. डॅलेकांच्या नगरांत राहिलेला यानाचा भाग पाहुण्यांस परत हवा असतो. आपल्या गरजेसाठीं परक्यांस मरणाच्या दारीं कसें लोटावें, ही शंका पाहुणा इयान प्रथम काढतो. हा लेखकाचा प्रामाणिकपणा. पण पुढें तोच एका तरुणीस डॅलेकांच्या हवालीं करण्याचा बहाणा करतो, अलिडन त्यास ठोसा लगावतो, आणि अहिंसा खोटी ठरली असें कथा मानते! आमच्या मतें सिद्ध झाली ती केवळ प्रीति. नंतर डॅलेक मरतात, त्यांजबरोबर शंकाहि.

कासारसाई ज्या मुळशी तालुक्यांत आहे, तेथील वाचकांस ही सोय पटणें कठीण. टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ सालीं सुरू झालेला सत्याग्रह अहिंसक होता; १९२४ सालीं सेनापति बापटांनीं आगगाडी अडवून शस्त्र उचललें, त्याचा तुरुंगवास स्वतः भोगला, आणि धरण झालेंच. तसा शेवट लिहिण्याचें धैर्य नेशन यांस झालें असतें, तर थालांच्या निर्णयाचें मोल आम्हांस कळलें असतें.