रॉकमॅनचा जीर्णोद्धार

जुन्या कलाकृतीला नवे रूप देऊ पाहणाऱ्यासमोर दोन वाटा असतात. एक जपणुकीची, दुसरी पुनर्कथनाची. पाच अंकी संगीत नाटक तीन तासांत बसवणारा दिग्दर्शक कोणती पदे ठेवतो आणि कोणती गाळतो, यावरून मूळ नाटकाचे मर्म त्याला कुठे सापडले हे उमगते. हा प्रश्न आपण नाटक, बंदिश आणि पोथी यांच्या संदर्भात अनेकदा चर्चिला आहे. व्हिडिओ गेम मात्र आपल्या पिढीने मुलांच्या करमणुकीच्या खात्यात टाकला आणि ते खाते पुन्हा उघडलेच नाही. दरम्यान या प्रकारातही अभिजात कृती निर्माण झाल्या, त्यांच्या आवृत्त्या निघाल्या, पाठभेद झाले आणि मूळ कर्ता कोण यावर वादही झडले. 'रॉकमॅन' या जपानी खेळाची २००६ सालची हस्तयंत्रावरील आवृत्ती हे त्याचे बोलके उदाहरण आहे. वीस वर्षांनंतर तिच्याकडे पुन्हा पाहताना तिचे गुण आणि उणिवा दोन्ही अधिक स्पष्ट दिसतात.

प्रथम मूळ कृतीविषयी. कॅपकॉम या कंपनीने डिसेंबर १९८७ मध्ये निन्टेन्डोच्या फॅमिकॉम यंत्रासाठी 'रॉकमॅन' प्रसिद्ध केला. पाश्चात्त्य देशांत तो 'मेगा मॅन' या नावाने गेला. दिग्दर्शन अकिरा कितामुरा यांचे, संगीत मानामी मात्सुमाए यांचे. कथा साधी आहे. डॉक्टर लाइट या शास्त्रज्ञाने माणसाच्या सेवेसाठी यंत्रमानव घडवले. लाकूड तोडणारा कटमॅन, बांधकामावरचा गट्समॅन, वीजकेंद्र सांभाळणारा इलेकमॅन असे हे कष्टकरी यंत्रमानव डॉक्टर वायली कपटाने आपल्या कह्यात घेतो. तेव्हा प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून काम करणारा रॉक हा बालयंत्रमानव लढाऊ रूप घेतो आणि आपल्याच भावंडांवर चालून जातो.

खेळणाऱ्याने धावायचे, उड्या मारायच्या, गोळ्या झाडायच्या, एवढाच व्यवहार. त्यामागची रचना मात्र देखणी आहे. सहा शत्रूंपैकी कोणाकडे आधी जायचे हे खेळणाऱ्याने ठरवायचे असते. ज्याला हरवावे त्याचे अस्त्र आपल्याला मिळते आणि प्रत्येक अस्त्र दुसऱ्या कोणावर तरी विशेष चालते. बर्फाने अग्नी शमतो, अग्नीने बॉम्बवाला हरतो, बॉम्बने गट्समॅन, गट्समॅनच्या बाहुबळाने कटमॅन, कात्रीने विजेचा धनी आणि विजेने पुन्हा बर्फवाला. सहा मण्यांची ही माळ पूर्ण वर्तुळ करते. शिवाय खेळ कठोर आहे. काट्यांवर पाय पडला की जीव गेला. खेळ मध्येच थांबवून, जिथे होतो तिथूनच उद्या पुढे जाण्याची सोय नाही. तो पाठच करावा लागतो, एखादी अवघड तान घोटून घ्यावी तसा.

मार्च २००६ मध्ये सोनीच्या प्लेस्टेशन पोर्टेबल, म्हणजे पीएसपी, या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी त्याची नवी आवृत्ती निघाली. जपानमध्ये 'रॉकमॅन रॉकमॅन', इतरत्र 'मेगा मॅन पॉवर्ड अप'. माझ्या मुलाने त्या काळी घेतलेल्या यंत्रावरच मी हा खेळ पाहिला आणि अलीकडे पुन्हा पाहिला. या आवृत्तीचा पहिला शहाणपणा असा, की तिने वर सांगितलेल्या दोन वाटांपैकी एकीची निवड करण्याचे नाकारले. खेळ सुरू होताच 'जुनी शैली' आणि 'नवी शैली' असे दोन पर्याय समोर येतात. जुन्या शैलीत चित्रे नवी, पण मांडणी १९८७ ची आहे. तेच सहा शत्रू, त्याच जागी तेच खड्डे, तेच जुन्या यंत्राच्या वळणाचे संगीत. नव्या शैलीत मांडणी नव्याने केलेली, पात्रे बोलू लागलेली, आणि टाइममॅन व ऑइलमॅन हे दोन शत्रू वाढवून संख्या आठ केलेली. १९८८ च्या दुसऱ्या भागापासून या मालिकेत आठांची प्रथा पडली होती. तिला अनुसरून पहिल्या भागाची ही भरपाई आहे. आयुष्यभर सरकारी कागदपत्रांत वावरलेल्या माणसाला यातले औचित्य चटकन पटते. सहीशिक्क्याची नक्कल वेगळी आणि सुधारित मसुदा वेगळा. दोन्ही एकाच नस्तीत ठेवावेत, पण एकमेकांत मिसळू नयेत.

नव्या रूपात सर्वांत आधी डोळ्यांत भरतात ती मोठ्या डोक्यांची, बुटकी, खेळण्यासारखी पात्रे. निर्माते केइजी इनाफुने यांचे म्हणणे असे, की मूळ कल्पना अशीच होती. त्या काळच्या यंत्रामुळे ती साधली नाही. येथे समीक्षकाने सावध राहावे. इनाफुने मूळ खेळाचे चित्रकार होते, दिग्दर्शक नव्हते. कितामुरा दुसऱ्या भागानंतर मालिकेपासून दूर झाले आणि रॉकमॅनचे जनकत्व लोकांनी इनाफुने यांना बहाल केले. आपण रुजू होण्यापूर्वीच त्या पात्राची कल्पना अस्तित्वात होती, हे पुढे इनाफुने यांनी स्वतः जाहीरपणे सांगितले. तेव्हा 'मूळ हेतू असा होता' या विधानाला एका सहकाऱ्याची साक्ष म्हणून मान द्यावा, निकाल म्हणून नव्हे. शिवाय मूळ यंत्राच्या मर्यादेतून जो आटोपशीरपणा आला, तोच त्या कृतीचा गुण ठरला होता. मर्यादा हटली म्हणजे कृती पूर्णत्वास गेली, असे गणित कलेत चालत नाही.

तरीही नवी शैली केवळ सजावट नाही, आणि हेच या आवृत्तीचे खरे महत्त्व आहे. तिच्यात एक नियम असा आहे की त्याने सगळ्या कथेचा अर्थ पालटतो. इतरांची हिरावलेली अस्त्रे न वापरता, केवळ स्वतःच्या साध्या बंदुकीने एखाद्या यंत्रमानवाला हरवले, तर तो वायलीच्या प्रभावातून सुटून आपल्या बाजूला येतो. पुढे त्यालाच नायक करून संपूर्ण खेळ खेळता येतो. त्याच्याजवळ तेव्हा फक्त त्याचे स्वतःचे अस्त्र असते. कटमॅन भिंतीवरून उसळी घेत वर चढतो, गट्समॅन दगड उचलून फेकतो, आणि परिचित वाटा अपरिचित होतात. एवढेच नव्हे, त्या यंत्रमानवाच्या मूळ ठाण्यावर आता खुद्द रॉकमॅन वायलीच्या कह्यात सापडून शत्रू म्हणून उभा असतो.

मूळ खेळात भावंडांचा संहार ही गोष्ट कथेत होती, पण खेळताना ती कोणाच्या मनाला लागत नसे. सोपा मार्ग संहाराचाच होता आणि तो बक्षीसही देत होता. नव्या आवृत्तीने दुसरा, अधिक कष्टाचा मार्ग उघडला. समोरच्याचे वर्म माहीत असून, ते साधणारे अस्त्र हाताशी असून ते वापरायचे नाही, तरच भाऊ परत मिळतो. हा विचार कोणत्याही संवादातून सांगितलेला नाही. तो खेळणाऱ्याच्या बोटांना, वारंवार हरल्यानंतर कळतो. नाटकाने प्रयोगातून आणि कादंबरीने कथनातून सांगावे, तसे या कलाप्रकाराने नियमातून सांगितले. पुनर्निर्मितीची सार्थकता मी येथे मानतो. मूळ कृतीत सुप्त असलेला अर्थ तिने जागा केला.

दोषही नोंदवले पाहिजेत. लढाईपूर्वीचे संवाद बहुधा बालिश आहेत आणि पात्रांचा गोंडसपणा संकटाची धार बोथट करतो. त्याहून गंभीर बाब ऑइलमॅनची. जपानी आवृत्तीत त्याचा काळा देह आणि जाड गुलाबी ओठ कृष्णवर्णीयांची टिंगल करणाऱ्या जुन्या अमेरिकी चित्रांची आठवण करून देतात. पाश्चात्त्य आवृत्तीत तो निळा आणि ओठ पिवळे करण्यात आले. १९८७ च्या कृतीत नसलेले हे वैगुण्य २००६ च्या नव्या भरतीने आणले. जीर्णोद्धार करणाऱ्याने जुन्या भिंतींपेक्षा आपण नव्याने बांधलेल्या भिंतीकडे अधिक कठोरपणे पाहावे, हा त्याचा धडा.

आता अखेरचा आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. या आवृत्तीत खेळणाऱ्यांना स्वतःचे टप्पे रचण्याची आणि ते नेटवरून इतरांना देण्याची सोय होती. वाचकालाच लेखक करणारी ही कल्पना काळाच्या पुढची होती. परंतु खेळ फारसा खपला नाही, पुढचा भाग निघाला नाही, यंत्राचे उत्पादनही कधीच बंद झाले, आणि ती देवाणघेवाण इतिहासजमा झाली. उलट १९८७ चा ओबडधोबड मूळ खेळ २०१५ मध्ये एका संग्रहात पुन्हा प्रसिद्ध झाला. त्या संग्रहात ही नवी आवृत्ती मात्र नाही. देवळाचा सभामंडप पडला आणि आतला जुना गाभारा तसाच उभा राहिला, असा हा प्रकार आहे.

याचे कारण शोधण्यासारखे आहे. मूळ खेळाला चालण्यासाठी स्वतःपलीकडे फारसे काही लागत नव्हते. नवी आवृत्ती एका विशिष्ट यंत्रावर, एका विशिष्ट सेवेवर आणि हयात समुदायावर अवलंबून होती. आपल्यासारख्या, मुलुखापासून दूर राहून भाषा आणि संस्था सांभाळणाऱ्यांना ही गोष्ट निराळी सांगायला नको. जे पाठ होते ते टिकते. ज्याला माणसे लागतात ते माणसांबरोबर जाते. म्हणून नवे करूच नये असे नाही. या आवृत्तीने मूळ कथेला भावंडांना वाचवण्याची शक्यता दिली, आणि ज्याने ती एकदा अनुभवली त्याला जुना खेळही पूर्वीच्या नजरेने पाहता येत नाही. एखाद्या पुनर्निर्मितीने एवढे साधले, तर ती स्वतः मागे पडली तरी तिचे काम झाले असे म्हणावे लागेल. ज्यांच्या घरी ते जुने पीएसपी कपाटात पडून असेल, त्यांनी ते नातवंडांच्या हाती देण्यापूर्वी एकदा स्वतः हाती धरून पाहावे.