मिरजेच्या दोन बहिणी

आम्ही संगीताचे जाणकार नाही. आम्ही ऐकणारे, तेही फलटणसारख्या गावी राहून ऐकणारे. मोठ्या मैफिली आमच्या वाट्याला क्वचितच येतात. वारीच्या दिवसांत ज्ञानेश्वर माउलींची पालखी मुक्कामाला आली की गाव टाळमृदंगाने भरून जाते. एरवी लग्नसराईतले कर्णे आणि गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॅक्टरवर वाजणारी गाणी, एवढेच आमच्या कानांचे खाद्य. अशा गावात हळू आवाजाचे गाणे ऐकायचे तर रात्रीची वाट पाहावी लागते.

तशाच एका रात्री आम्ही हिराबाई बडोदेकर आणि सरस्वतीबाई राणे या दोन बहिणींची जुगलबंदी लावली. एका स्नेह्याने ती जुन्या ध्वनिमुद्रिकेवरून उतरवून दिली होती. त्या रात्री तीच का लावली, त्याला एक घरगुती कारण होते. आमच्या दोघी मुली चर्चच्या गायनवृंदात गातात. नाताळच्या मिस्सेत एकटीने म्हणायचे कडवे कोणी म्हणावे, यावरून दोघींचे बिनसले होते. थोरली म्हणे, मान माझा. धाकटी म्हणे, आवाज माझा बरा. आठ दिवस एका ताटलीतला घास दुसरीला गोड लागत नव्हता. उपदेश करण्यात अर्थ नव्हता. म्हणून आम्ही काही न बोलता गाणे लावले आणि दिवा बारीक केला.

या बहिणी आपल्याच मुलखातल्या. हिराबाईंचा जन्म १९०५ सालचा, सरस्वतीबाईंचा १९१३ सालचा, दोघीही मिरजेच्या. वडील किराणा घराण्याचे थोर गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ, आई बडोद्याच्या ताराबाई माने. मिरज म्हणजे तंबोऱ्यांचे गाव. तेथल्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या भोपळ्याला आणि लाकडाला बोलते केले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ते त्या हातांचेच श्रेय. या दोघी बहिणींचे गाणे ऐकताना प्रथम जाणवतो तो तंबोराच. त्याच्यापेक्षा मोठ्याने बोलण्याची त्यांना कधी गरज वाटत नाही.

दोघींनी एकत्र गायला आरंभ केला तो १९६५ च्या सुमारास. पुढे जवळजवळ पंधरा वर्षे त्या अशा गात राहिल्या. तोवर शास्त्रीय मैफिलीत जुगलबंदी करावी ती पुरुषांनी, अशीच रीत होती. दोन स्त्रियांनी ख्याल वाटून गाण्याची वाट पाडली ती याच बहिणींनी. त्या वेळी हिराबाई साठीला पोचल्या होत्या, सरस्वतीबाई पन्नाशी ओलांडून गेल्या होत्या. कीर्ती मिळवायची राहिली होती असेही नाही. हिराबाईंनी रंगभूमी आणि मैफल दोन्ही गाजवली होती. सरस्वतीबाईंचे १९४३ च्या ‘रामराज्य’ चित्रपटातील गाणे घरोघरी पोचले होते. म्हणजे आपापले सर्व मिळवून झाल्यावर या दोघी एका सतरंजीवर शेजारी येऊन बसल्या. ऐकताना ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे.

जुगलबंदी म्हटले की आपल्या मनात कुस्तीच्या फडाचे चित्र उभे राहते. एकाने डाव टाकावा, दुसऱ्याने तो उलटवावा, आणि लोकांनी टाळ्यांनी निकाल द्यावा. येथे तसे काहीच घडत नाही. थोरली षड्जाशी रेंगाळते, एक-दोन स्वरांची ओळख करून देते आणि थांबते. धाकटी त्याच ठिकाणाहून उचलते आणि आणखी एक पायरी चढून थांबते. किराणा घराण्याची रीत एकेक स्वर सावकाश उलगडण्याची. लयीच्या कसरतीपेक्षा स्वराच्या सच्चेपणावर तिचा भर. त्यामुळे दोघींना घाई करण्याचे कारणच उरत नाही. आरंभी तर कोणती कोण हेही कळत नाही. पट्टी एक, तालीम एक, उच्चार एका घरातले. हळूहळू कान सरावतो आणि मग फरक दिसू लागतो. थोरलीचा स्वर शांत आणि बारीक, समईच्या ज्योतीसारखा एका जागी स्थिर. धाकटीचा थोडा अधिक चपळ, तानेकडे लवकर वळणारा. हा फरक कळला की खरा आनंद सुरू होतो. धाकटी पुढे धावू लागली की थोरली तिला अडवीत नाही. पण आपली पाळी आली की पुन्हा त्या एका स्वरावर येऊन बसते. धाकटीही मग काही न बोलता परत येते.

आम्हांला यातले सर्वांत मोठे कसब वाटते ते थांबण्याचे. आपल्या मिस्सेत प्रतिसाद-स्तोत्र म्हणतात तेव्हा एकजण कडवे म्हणतो, बाकीचे ऐकतात आणि मग उत्तर देतात. उत्तर चांगले यायचे असेल तर ऐकणे चांगले झाले पाहिजे. या बहिणींच्या गाण्यात जी गात नसते, तीही गाण्यातच असते. तिच्या पुढच्या आलापावरून कळते की मघाचा एकही स्वर तिने वाया जाऊ दिलेला नाही.

येथे आम्हांला दूरदेशीच्या दुसऱ्या दोन बहिणी आठवतात. कॅनडातील क्वेबेक प्रांतातल्या केट आणि ॲना मॅकगॅरिगल. लहानपणी त्या गावच्या धर्मभगिनींकडे पियानो शिकल्या, आणि १९७६ साली आपल्या दोघींचीच नावे दिलेला पहिला गीतसंग्रह त्यांनी काढला. सौम्य, घरगुती, ओसरीवर बसून गायल्यासारखी ती गाणी. केट २०१० साली वारल्या. त्यांची रीत मात्र वेगळी. पाश्चात्त्य पद्धतीप्रमाणे दोघी एकाच वेळी निरनिराळ्या स्वरांवर चालतात आणि दोन धागे पिळून एक दोरा व्हावा तसा आवाज होतो. आपल्याकडे दोघी आळीपाळीने चालतात. तेथे प्रेम एकत्र उच्चारण्यात आहे, येथे वाट पाहण्यात. आपल्या गायनवृंदांना दोन्ही रीतींचा वारसा आहे. परंतु चार आवाजांची स्वरसंगती आपण कष्टाने शिकतो आणि शेजारच्याला वाट देणे शिकायचे राहून जाते, असे आमचे मत आहे.

आता उणिवांविषयी. टीका लिहायला बसलो तर केवळ आरती ओवाळून चालणार नाही. जुन्या तबकडीची एक बाजू साधारण वीस मिनिटांची. तेवढ्यात विलंबित आणि द्रुत दोन्ही बसवायचे म्हणजे शेवटी धांदल होणारच. द्रुत बंदिशीत ती जाणवते. कोठे कोठे धाकटी थोरलीचेच वाक्य जवळजवळ तसेच पुन्हा म्हणते, आणि तेवढ्यापुरती गाण्याची वाढ खुंटते. थोडी नोकझोक हवी होती, असे वाटणारा रसिक भेटला तर आम्ही त्याच्याशी भांडणार नाही. हिराबाईंच्या तरुणपणीच्या तीन-तीन मिनिटांच्या तबकड्यांतली टवटवी येथे नाही, हेही खरे. वयाने आवाजाचे काठ थोडे झिजवले आहेत. पण त्याच झिजेमुळे स्वराला पायरीच्या दगडाचा गुळगुळीतपणा आला आहे, आणि तो आम्हांला अधिक प्रिय वाटतो.

या गाण्यामागे एक दुःखही आहे. १९२० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत ताराबाई पाच मुलांना घेऊन खाँसाहेबांच्या घरातून निघाल्या. मुलांची नावे बदलली. चंपाकलीची हिराबाई झाली, सकीनाची सरस्वती झाली. आडनाव आईचे आले. सरस्वतीबाई तेव्हा आठ-नऊ वर्षांच्या. पुढे त्यांना तालीम दिली ती मुख्यतः थोरले बंधू सुरेशबाबू माने यांनी आणि हिराबाईंनी. भावंडांनी मिळून नाटक मंडळी चालवली, स्त्रीभूमिका स्त्रियांनीच करायच्या असा परिपाठ ठेवला, आणि त्यातल्या कर्जाचे ओझेही सोसले. खाँसाहेब १९३७ साली गेले आणि मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात विसावले. घर मोडले, नावे पुसली गेली, धर्माच्या रकाना बदलला. परंतु या दोघींनी तोंड उघडले की ऐकू येतो तो वडिलांचाच सूर. जे कागदावरून काढून टाकता आले ते गळ्यातून काढता आले नाही. आणि धाकटीला तो सूर मिळाला तो थोरल्या भावंडांच्या हातून. तेव्हा हिराबाई धाकटीपुढे थांबतात, तो केवळ शिष्टाचार नव्हे. आपण जे वाढले ते हिच्या ताटात नीट पडले की नाही, हे त्या पाहत असाव्यात, असे आम्हांला वाटते.

हिराबाई १९८९ साली गेल्या, सरस्वतीबाई २००६ साली. १९७० च्या पद्मभूषणासारखे सन्मान हिराबाईंना मिळाले. सरस्वतीबाईंचे नाव पुष्कळदा ‘हिराबाईंची बहीण’ म्हणूनच घेतले गेले. हा अन्याय आहे. ही जुगलबंदी लक्ष देऊन ऐकली तर तो आपोआप दूर होतो. धाकटीवाचून हे गाणे उभेच राहत नाही.

त्या रात्री गाणे संपल्यावर घरात कोणी बोलले नाही. थोड्या वेळाने आमच्या धाकटीने विचारले, “बाबा, शेवटी कोण गात होती?” आम्ही म्हटले, “आम्हांलाही नीटसे कळले नाही.” थोरली म्हणाली, “पुन्हा लावा.” आम्ही पुन्हा लावले. नाताळचे कडवे कोणी म्हणायचे, हा प्रश्न त्या रात्री सुटला नाही. मात्र दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्वयंपाकघरातून दोघींचे आवाज येत होते. एक म्हणत होती, दुसरी थांबून ऐकत होती. मग दुसरी म्हणू लागली. आम्ही बाहेरच उभे राहिलो.