ग्रँट यांच्या आठवणी : लिहिलेल्या आणि वगळलेल्या

अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्याचे सरसेनापती झालेले आणि पुढे १८६९ ते १८७७ अशी आठ वर्षे राष्ट्राध्यक्षपदी राहिलेले युलिसिस ग्रँट यांच्या आत्मचरित्राचे दोन खंड सेनानींच्या आत्मकथनांत अग्रगण्य मानले जातात. ही मान्यता रास्तच आहे. तथापि ह्या ग्रंथाची थोरवी आणि त्याची उणीव एकाच ठिकाणी उगम पावतात, असे आम्हांस वाटते. त्याचाच विचार येथे करावयाचा आहे.

ग्रंथाचा जन्म विपत्तीत झाला. ज्या पेढीत ग्रँट भागीदार होते ती मे १८८४ मध्ये बुडाली आणि माजी राष्ट्राध्यक्ष जवळजवळ निष्कांचन झाले. त्याच वर्षी घशाच्या कर्करोगाचे निदान झाले. पत्नी आणि मुलांची सोय लावावी, ह्या हेतूने त्यांनी लेखणी उचलली. मार्क ट्वेन यांच्या प्रकाशनसंस्थेने ग्रंथ स्वीकारला. वाचा बंद होत गेली तरी लेखन चालू राहिले. काम संपल्यावर थोड्याच दिवसांनी, २३ जुलै १८८५ रोजी, ग्रँट यांचे निधन झाले. पुढील वर्षी त्यांच्या पत्नीच्या हाती दोन लाख डॉलरचा धनादेश पडला.

इतक्या करुण परिस्थितीत लिहिलेल्या ग्रंथात करुणेचा लवलेश नाही. वाक्ये सरळ, विशेषणे मोजकी. कोण कोठे होता, काय ठरले आणि काय घडले, एवढेच ते सांगतात. १८६३ मधील व्हिक्सबर्गच्या मोहिमेचे प्रकरण ह्या दृष्टीने पाहावे. उत्तरेकडून शहर घेण्याचे सारे प्रयत्न फसल्यावर ग्रँट यांनी मिसिसिपी नदीच्या पश्चिम तीराने सैन्य खाली नेले, रात्रीच्या अंधारात आपली जहाजे शत्रूच्या तोफांसमोरून काढली आणि ३० एप्रिल रोजी नदी ओलांडली. शहर अजून घ्यावयाचे होते, रसदेचा मार्ग अनिश्चित होता. तरीही शत्रूच्याच बाजूच्या कोरड्या जमिनीवर पाय टेकल्याचे समाधान ते नोंदवतात. एका साध्या नोंदीत सेनापतीचे मन उघडे होते.

प्रामाणिकपणाही असाच अकृत्रिम आहे. तरुणपणी ते स्वतः ज्यात लढले ते मेक्सिकोचे युद्ध अन्याय्य होते, असे ते नि:संकोच म्हणतात. १८६४ मध्ये कोल्ड हार्बर येथे दिलेल्या शेवटच्या हल्ल्याच्या आज्ञेबद्दल खेद व्यक्त करतात. १८६५ मध्ये ॲपोमॅटॉक्स येथे शरण आलेल्या जनरल ली यांच्याविषयी आदर दाखवतात. मात्र ली ज्या पक्षासाठी लढले त्यास सत्पक्ष म्हणत नाहीत, आणि युद्धाचे मूळ गुलामगिरीत होते हे स्पष्ट सांगतात.

आणि येथेच, १८६५ पाशी, ग्रंथ थांबतो. समारोपात सांतो दोमिंगोच्या विलीनीकरणाचा ओझरता उल्लेख येतो. तेवढा सोडल्यास राष्ट्राध्यक्षपदाची आठ वर्षे जणू घडलीच नाहीत.

ती वर्षे सांगण्याजोगी नव्हती काय? वर्णभेदाने मताधिकार नाकारण्यास बंदी करणारी पंधरावी घटनादुरुस्ती १८७० मध्ये संमत झाली. कू क्लक्स क्लॅनचा दहशतवाद मोडण्यासाठी ऑक्टोबर १८७१ मध्ये ग्रँट यांनी दक्षिण कॅरोलायनाच्या नऊ जिल्ह्यांत नागरी संरक्षण स्थगित करून शेकडो लोकांना पकडविले. परंतु १८७५ मध्ये मिसिसिपीच्या गव्हर्नरांनी कृष्णवर्णीय मतदारांच्या रक्षणासाठी सैन्य मागितले, तेव्हा ते धाडले गेले नाही. उत्तरेचे जनमत अशा हस्तक्षेपास कंटाळले होते. व्हिक्सबर्गपुढे न डगमगणारा पुरुष त्याच राज्यात बारा वर्षांनी का थबकला? मद्यकराच्या अपहारात गुंतलेल्या आपल्या चिटणीसाच्या बाजूने त्याने साक्ष का दिली? ह्या प्रश्नांची उत्तरे देऊ शकणारा एकमेव साक्षीदार गप्प राहिला.

आयुष्य सरत आले होते आणि वाचकांना युद्धच हवे होते, हे ग्रँट यांच्या बाजूने म्हणता येईल. ते आम्ही नाकारीत नाही. परंतु आम्हांस आणखी एक कारण दिसते. त्यांची शैली ही आज्ञापत्राची शैली आहे. जेथे हुकूम निघतो आणि पाळला जातो, तेथे ती निर्दोष चालते. राजकारणात हुकूम निघतो, त्याला फाटे फुटतात, मित्र दगा देतात, निम्मे यश पदरी पडते. ते सांगण्यासाठी वेगळी भाषा लागते आणि ती त्यांनी कमावली नव्हती.

ह्या मौनाची किंमत मोठी पडली. त्या आठ वर्षांची कथा दीर्घकाळ प्रतिपक्षानेच सांगितली. ग्रँट म्हणजे रणात शूर आणि सत्तेवर भोळा, भ्रष्टांनी वेढलेला, असे चित्र पाठ्यपुस्तकांत रुजले. क्लॅनविरुद्धची कारवाई विस्मरणात गेली. अलीकडच्या अभ्यासकांनी, विशेषत: रॉन चेर्नो यांनी २०१७ च्या चरित्रात, हा तोल सावरला, पण तोवर शंभराहून अधिक वर्षे लोटली होती.

आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी कुलवृत्तान्त असेल. तो काढून पाहावा. मूळपुरुष कोणत्या मोहिमेत होता, कोणती जखम झाली, हे तेथे सविस्तर सापडते. नंतर त्याने परमुलखात कारभार कसा केला, कोणाला न्याय दिला आणि कोणाला देता आला नाही, ह्यास बहुधा एखादी ओळ मिळते. वृत्तान्ताची नवी आवृत्ती काढणाऱ्यांनी ग्रँट यांच्यापासून गद्य अवश्य शिकावे. थांबण्याची जागा मात्र त्यांच्यापासून शिकू नये.