दक्षिणेची खिडकी

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, दुपारी सव्वाबाराच्या सुमारास, दिल्लीतल्या द्वारकेत किंवा शेजारच्या नोएडात, एखाद्या सोसायटीत, महाराष्ट्रातून आलेल्या बिऱ्हाडाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दक्षिणाभिमुख निजायच्या खोलीत आपण क्षणभर उभे राहावे आणि पलंगावर उतरलेले ऊन निरखावे. उशा सावलीत आहेत आणि ऊन नेमके पांघरुणावर, निजणाऱ्याच्या पोटा-मांड्यांच्या जागी, पसरलेले आहे. जणू कुणी जाणत्याने ते तिथे मोजून अंथरले असावे.

या मांडणीत घरच्या रीतीचा आणि आकाशातल्या गणिताचा, दोघांचाही हात आहे. दक्षिणेकडे पाय करून निजू नये हा वडीलधाऱ्यांचा दंडक महाराष्ट्रातून सामानाबरोबर आपोआप येतो, आणि म्हणून पलंगाचे उशाकडचे अंग दक्षिणेच्या भिंतीला, थेट खिडकीखाली, लागते. खिडकीचा उंबरा तीन फुटांवर, वरची चौकट सात फुटांवर, तिच्यावर दीड फुटाचा छज्जा. दिल्लीच्या आकाशात २१-२२ डिसेंबरला माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३८ अंश वर चढतो. तिरपे झालेले ते किरण छज्ज्याखालून अलगद आत शिरतात, उशांवरून पुढे जातात आणि पलंगाच्या मध्यावर विसावतात. जूनमध्ये तोच सूर्य जवळजवळ ८५ अंशांवर जातो, आणि तेव्हा त्याला छज्जाच बाहेर थोपवून धरतो. ऊन हवे तेव्हा आत घेणारी आणि नको तेव्हा बाहेर ठेवणारी ही खिडकी म्हणजे न बोलता घर सांभाळणारी गृहिणीच.

पण या उन्हाची खरी गोडी मराठी माणसाला कळते, ती थोडे मागे वळून पाहिल्यावर. पुण्या-मुंबईत वर्षातून दोनदा, मेच्या मध्यात आणि जुलैच्या अखेरीस, सूर्य बरोबर माथ्यावर येतो. शाळेची मुले अंगणात काठी रोवून शून्य सावलीचा दिवस साजरा करतात, आणि त्या दोन दिवसांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य चक्क उत्तरेला कललेला असतो. दिल्ली कर्कवृत्ताच्या पलीकडे आहे. इथे सावली कधीच नाहीशी होत नाही; माध्यान्हीचा सूर्य बारा महिने दक्षिणेलाच असतो. आणि दक्षिणेला, विंध्य-सातपुडा ओलांडला की, महाराष्ट्र आहे. नव्या शहरात बावरलेल्या मनाने हे एकदा ध्यानात घ्यावे: भर दुपारी या खोलीत येणारा प्रकाश बाराही महिने आपल्या मुलखाच्या दिशेने येतो. दिवाळीनंतरच्या काही आठवड्यांत हवा इतकी बिघडते की तीच खिडकी गच्च लावून घ्यावी लागते, ऊन राखाडी होते. तरीही काचेपलीकडून ते येते त्याच दिशेने.

आता नजर उन्हावरून पांघरुणाकडे वळवू. पलंगाची गादी उचलली की खाली प्लायवुडची फळी, फळीला बोट घालायला गोल भोक, आणि फळीखाली दिल्लीकर ज्याला नुसते ‘बॉक्स’ म्हणतात ते पलंगाचे पोट. एप्रिल ते ऑक्टोबर रजया-ब्लँकेटांचा मुक्काम इथे, डांबरगोळ्यांच्या सोबतीने. त्यातले जाड, तपकिरी चौकटींचे ब्लँकेट बाहेर काढावे आणि तळहाताने उलट्या दिशेने कुरवाळावे. लव किंचित खरखरीत लागते, आणि त्या खरखरीतच त्याची ऊब साठलेली असते. हे आले आहे पानिपतहून, इथून उत्तरेला नव्वदेक किलोमीटरवरून. मराठी मनात पानिपत म्हणजे १४ जानेवारी १७६१. परमुलखातल्या थंडीत उपाशीपोटी लढून पडलेल्या माणसांची ती आठवण अजूनही निवत नाही. त्याच पानिपतने आज आपल्याला पांघरूण द्यावे, यातली करुणा शब्दांत मावणारी नाही. १९४७ च्या फाळणीत उखडले गेलेले विणकर पश्चिम पंजाबातून इथे आले, त्यांनी हातमाग उभारले आणि या गावाला विणकामाचे मोठे केंद्र केले. जगभरातून येणारे टाकाऊ लोकरी कपडे पिंजून, त्यांचे सूत कातून ब्लँकेटे विणणे हा या गावाचा मोठा उद्योग. घर हरवलेल्या माणसांनी वसवलेला माग आणि कुणीतरी अंगावरून उतरवलेली लोकर: नव्याने बिऱ्हाड थाटणाऱ्याला याहून जिवाभावाचे वस्त्र कोणते मिळावे!

आणि या ब्लँकेटाच्या आत, अंगालगत, गावाकडून आलेली गोधडी. तिचे अंतरंग जुन्या लुगड्यांच्या थरांचे. वरून धावदोऱ्याच्या ओळी कडेपासून आत, चौकोनात चौकोन घेत, मध्यापर्यंत गेलेल्या. एका कोपऱ्यातले ठिगळ उसवले आहे, आणि त्याखालून इरकली काठाची लाल रेघ डोकावते. आपण दोन्ही वस्त्रे शेजारी धरून पाहिली की एक सुंदर नाते उमगते. दोन्ही वापरलेल्या कपड्यांतूनच जन्मली आहेत. एकीत आपल्याच घरातल्या आजी-मावश्यांचे दिवस आहेत, दुसऱ्यात ज्यांची नावेही आपल्याला कधी कळणार नाहीत अशा माणसांचे हिवाळे. कुळाची ऊब अंगाशी आणि जगाची ऊब तिच्यावर, असा हा बिछाना सजतो.

होळी झाली की ही खोली दुसरा अवतार घेते. पांघरुणे उन्हे खाऊन बॉक्समध्ये जातात, गालिचा गुंडाळला जातो, उघडी फरशी पावलांना सुखवू लागते, जाड पडदे दिवसभर ओढलेले राहतात आणि कूलरमधल्या वाळ्याच्या गंधाने दुपार भरून जाते. पहिल्या वर्षी हे सारे शेजारणीला विचारून-विचारून करावे लागते: रजई केव्हा काढायची, कूलरला वाळा कधी लावायचा, कुठली खिडकी किती वाजता मिटायची. भिंतीला रंग लागतो, तसबिरी टांगल्या जातात, दिव्याचा पिवळा उजेड मनासारखा जमतो, तरी खोली थोडी पाहुण्यासारखी वागते. मग दुसरा हिवाळा येतो. अंधारात हात आपोआप त्या गोल भोकाकडे जातो, फळी उचलली जाते, आणि डांबरगोळ्यांच्या वासाबरोबर गेल्या वर्षीची थंडीही ओळखीची होऊन बाहेर येते. खोली आपली होते ती त्या दुसऱ्या खेपेला. विकत आणलेल्या वस्तूंना जे साधत नाही, ते पुन्हा आलेल्या ऋतूला सहज साधते.

पहाडगंज-करोलबागेत ज्यांच्या पिढ्या नांदल्या त्या मराठी कुटुंबांना हे मर्म केव्हाच गवसले आहे. त्यांच्या घरी संक्रांतीचा तिळगूळ उत्तरेच्या कडाक्यात अधिक खमंग लागतो, कारण तिळाची उष्णता इथे शरीरालाही कळते. म्हणून नव्याने आलेल्यांनी खोली सजवण्याची घाई करू नये. एक पुरते वर्ष तिच्यातून वाहू द्यावे, ऊन कुठवर येते आणि कुठून परतते ते पाहावे, पलंग त्याप्रमाणे सरकवावा. ज्याला दोन अक्षांशांचा सूर्य आपल्या बिछान्यावरून ओळखता येतो, त्याचे घर दुपटीने मोठे झालेले असते.