'हॅलोवीन एंड्स' आणि प्रेक्षकांचा रोष : एक विचार

लोकप्रिय चित्रपटाची चर्चा आता आपल्या विद्यापीठीय वर्तुळात परकी राहिलेली नाही; परंतु या चर्चेत कलाकृतीला जे स्थान मिळते ते प्रेक्षकाला क्वचितच मिळते. प्रेक्षक रागावला की त्याची अभिरुची कच्ची, आणि तो खूश झाला की जाहिरातीला भुलला, अशी दोन सोयीची उत्तरे आपल्यापाशी तयार असतात. भयपटाच्या बाबतीत ती अधिकच सहजपणे दिली जातात, कारण हा प्रकारच मुळात गंभीर विचाराच्या कक्षेबाहेरचा मानला गेला आहे. डेव्हिड गॉर्डन ग्रीन दिग्दर्शित 'हॅलोवीन एंड्स' (२०२२) या अमेरिकन चित्रपटाने आपल्याच चाहत्यांत जी उभी फूट पाडली, तिचा विचार केल्यास ही दोन्ही उत्तरे अपुरी ठरतात, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

'स्लॅशर' या भयपटाचे संकेत सर्वपरिचित आहेत. मुखवटा घातलेला मारेकरी, हातात धारदार शस्त्र, एकामागून एक बळी पडणारी तरुण मुले, आणि अखेरीस त्याच्यासमोर उभी ठाकणारी, कॅरोल क्लोव्हर यांनी जिला 'फायनल गर्ल' हे नाव दिले ती, एकटी उरलेली मुलगी. जॉन कार्पेंटर यांच्या 'हॅलोवीन' (१९७८) या ३ लाख डॉलरच्या आसपास खर्चात झालेल्या चित्रपटाने हे संकेत रूढ केले. त्यातील मायकेल मायर्सचा उल्लेख श्रेयनामावलीत 'द शेप', म्हणजे केवळ एक आकार, असा आहे. त्याला हेतू नाही, मन नाही, जवळजवळ चेहराही नाही. ग्रीन यांच्या २०१८ च्या चित्रपटाने मधले सर्व भाग बाजूला सारून थेट १९७८ शी नाते जोडले. २०२१ मध्ये 'हॅलोवीन किल्स' आला आणि 'एंड्स' हा या त्रयीचा शेवट म्हणून जाहीर झाला.

या शेवटात मायकेल बराच काळ दिसतच नाही. कथा कोरी कनिंगहॅम या तरुणाची आहे. मूल सांभाळण्याचे काम करीत असताना त्याच्या हातून अपघाताने एका मुलाचा मृत्यू होतो; कायदा त्याला सोडतो, पण हॅडनफिल्ड हे गाव सोडत नाही. टवाळखोर मुले त्याला पुलावरून खाली ढकलतात, गटारात दडलेला मायकेल त्याच्या डोळ्यांत पाहतो आणि जिवंत सोडून देतो. पुढे कोरी स्वतःच मारेकरी होतो. चाळीस वर्षे मायकेलच्या छायेत जगलेली लॉरी स्ट्रोड, म्हणजे जेमी ली कर्टिस, आठवणी लिहीत बसली आहे आणि तिची नात अ‍ॅलिसन या कोरीच्याच प्रेमात पडली आहे.

प्रेक्षकांचा कौल आकड्यांतही उमटला. पहिल्या दिवशीच्या प्रेक्षकांची मते घेऊन श्रेणी देणाऱ्या 'सिनेमास्कोर' या संस्थेच्या पाहणीत २०१८ च्या चित्रपटाला 'बी प्लस', 'किल्स'ला 'बी मायनस' आणि 'एंड्स'ला 'सी प्लस' श्रेणी मिळाली. पहिल्या शनिवार-रविवारची अमेरिकेतील कमाई सुमारे ४ कोटी डॉलर होती, दुसऱ्या आठवड्यात ती जवळपास ८० टक्क्यांनी घसरली. ही घसरण केवळ नाराजीची मानणे घाईचे होईल. चित्रपट त्याच दिवशी 'पीकॉक' या वाहिनीवर घरबसल्या उपलब्ध होता, आणि भयपटांची गर्दी तशीही पहिल्या तीन दिवसांतच ओसरते. श्रेणींची उतरंड मात्र या कारणांनी स्पष्ट होत नाही.

रागावलेल्या प्रेक्षकाचे म्हणणे थोडक्यात असे : आम्ही मायकेल आणि लॉरी यांचा अंतिम सामना पाहण्यास आलो, आम्हाला एका अनोळखी तरुणाची शोकांतिका दाखविण्यात आली. हान्स रॉबर्ट याउस यांची 'अपेक्षांचे क्षितिज' ही संकल्पना आपण साहित्याच्या वर्गात शिकवितो. क्षितिज मोडणारी कृती श्रेष्ठ, असा तिचा अर्थ काढण्याची सवयही आपल्याला लागली आहे. परंतु हे क्षितिज येथे कोणी आखले? केवळ परंपरेने नव्हे. फलकांवर आणि ट्रेलरमध्ये लॉरी व मायकेल यांची झुंजच ठळकपणे मांडली होती, कोरी जवळजवळ झाकून ठेवला होता. वचन देणारा आणि वचन मोडणारा एकच असेल, तर त्यास प्रयोगशीलता म्हणण्यापूर्वी थांबावयास हवे. या मर्यादेत प्रेक्षकाचा राग न्याय्य आहे.

दुसऱ्या बाजूने चित्रपटाची पाठराखण करणारे प्रेक्षक समीक्षकांइतकेच सूक्ष्म वाचन करतात. कोरीचे आडनाव कार्पेंटर यांच्याच 'क्रिस्टीन' (१९८३) मधील आर्नी कनिंगहॅमकडून आले आहे आणि निळ्या अक्षरांतील आरंभीची श्रेयनामावली 'हॅलोवीन ३' (१९८२) ची आठवण करून देते, हे त्यांनी हेरले. याहून महत्त्वाचा त्यांचा मुद्दा असा की 'किल्स'मध्ये हॅडनफिल्डचा जमाव रुग्णालयात एका भलत्याच माणसाचा पाठलाग करून त्याला मरणाच्या दारी लोटतो. तेच गाव येथे कोरीला घडविते. मायकेलच हवा असा हट्ट धरणारा प्रेक्षक म्हणजे ओळखीचा राक्षस मागणारे हॅडनफिल्डच होय, असे यावरून म्हणता येते. युक्तिवाद आकर्षक आहे, किंचित जास्तच आकर्षक. कारण तो मान्य केल्यास चित्रपटावरील प्रत्येक आक्षेप चित्रपटाचाच पुरावा ठरतो.

रोषाचे खोल कारण शोधण्यास आपल्या परंपरेतील एक कल्पना अधिक उपयोगी पडते. न. चिं. केळकरांनी 'सविकल्प समाधी'ची उपपत्ती मांडली : वाचक दुसऱ्याच्या अनुभवात शिरतो, पण स्वतःचे भान सोडीत नाही. भयानक रसाचा आस्वाद तर या दुहेरी भानावाचून संभवतच नाही. मायकेलच्या रिकाम्या मुखवट्यासमोर हे भान सहज टिकते. त्याच्यात शिरण्याजोगे काही नसते, म्हणून आपण सुरक्षित अंतरावरून भितो. कोरीला मात्र आई आहे, सावत्र वडिलांच्या भंगारखान्यात काम आहे, अपमान आहे, प्रेम आहे. त्याच्यात आपण शिरतो आणि मग तो खून करू लागतो. येथे भीतीऐवजी अस्वस्थता येते. अनेक प्रेक्षकांनी 'कंटाळा' या शब्दाने जे व्यक्त केले, त्यातील काही भाग तरी ही अस्वस्थता असावी. भयपट पाहावयास गेलेल्या माणसाला करुणरसाचे ओझे न सांगता दिले गेले.

असे ओझे देण्याचा अधिकार कलावंताला आहे. अट एवढीच की त्याने ते शेवटपर्यंत वाहिले पाहिजे. ग्रीन येथे कचरतात. कोरी स्वतःच्या मानेत सुरी खुपसतो, मायकेल येऊन त्याचा शेवट करतो, आणि तासाहून अधिक काळ उभारलेला प्रश्न काही क्षणांत निकालात निघतो. मग स्वयंपाकघरातील ती झुंज होते, मायकेलचे प्रेत मोटारीच्या टपावर बांधून मिरवीत नेले जाते, आणि कोरीच्याच भंगारखान्यातील यंत्रात सर्व गावासमक्ष त्याचा चुरा केला जातो. कोरीला ज्यांनी छळले तेच गाव शुद्ध होऊन घरी परतते आणि दिग्दर्शक त्यांना एकही प्रश्न विचारीत नाही. झुंज पाहण्यास आलेल्यास ती फार उशिरा आणि फार थोडी मिळाली. कोरीत गुंतलेल्यास वाऱ्यावर सोडण्यात आले. दोन्ही तटांतील प्रेक्षकांच्या असमाधानाचे मूळ याच अर्ध्या तासात आहे.

'हॅलोवीन ३'चा दाखला अनेकदा दिला जातो. त्यातही मायकेल नव्हता, प्रेक्षक चिडले, आणि १९८८ च्या पुढील भागाने शीर्षकातच त्याच्या परतण्याची ग्वाही दिली. कालांतराने मात्र त्या तिसऱ्या भागाला निष्ठावंत चाहते लाभले, म्हणून 'एंड्स'लाही लाभतील, असे समर्थक म्हणतात. या तुलनेत एक भेद निसटतो. टॉमी ली वॉलेस यांचा तो चित्रपट मुखवटे विकून मुलांचा बळी घेणाऱ्या कारखानदाराची स्वतंत्र कथा सांगतो आणि तिच्याशी अखेरपर्यंत प्रामाणिक राहतो, टी.व्ही.वरची ती जीवघेणी जाहिरात थांबविण्यासाठी नायक ओरडत असतानाच चित्रपट संपतो, दिलासा म्हणून कोणी मायकेल येत नाही. 'एंड्स'च्या शेवटच्या दृश्यांत लॉरीच्या घरातील मेजावर मायकेलचा मुखवटा ठेवलेला दिसतो. कोरीनेही तो घातला होता, याची तेथे कोणाला आठवण नाही.