‘प्राचीन’ म्हणजे नेमकं कधीचं?

मंडळी, आजचा प्रश्न साधा आहे. चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या या पट्ट्यात, कारखान्यांच्या गर्दीत, आज उभी असलेली सर्वांत जुनी वास्तू कोणती? कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: "अहो, इथलं सगळंच प्राचीन आहे." आमची तक्रार या शब्दाबद्दल आहे. तो ऐकायला भारदस्त आहे, पण त्यातून एकही साल हाती लागत नाही.

आळंदीपासून सुरुवात करू, कारण नाव तिचंच आधी निघतं. ज्ञानेश्वरांची समाधी १२९६ ची. पण आपण आज ज्या मंडपात उभे राहतो तो काही तेव्हाचा नाही; समाधीभोवतीचं बांधकाम पुढच्या शतकांत टप्प्याटप्प्यानं होत गेलं. जागेचं वय आपण भिंतीला लावतो. श्रद्धेला त्यानं काही फरक पडत नाही, इतिहासाला पडतो.

चिंचवडला तर गंमतच आहे. पवनेच्या काठी मोरया गोसावींचं समाधी मंदिर आहे. मोरया गोसावी नेमके कोणत्या काळातले, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मतामतांत शतकांचा फरक पडतो. इमारतीचं तसं नाही. बांधकाम १६५८ मध्ये सुरू झालं आणि १६५९ मध्ये पुरं झालं, हे देवळातला शिलालेखच सांगतो. म्हणजे सत्पुरुषाचा काळ वादात, आणि त्याच्यावरचं छप्पर सालानिशी पक्कं! एवढी सोन्यासारखी नोंद भिंतीत असताना आपण भक्तांना ‘फार जुनं देऊळ आहे’ एवढंच सांगून पुढे ढकलतो, हे आम्हांला खटकतं.

आता जोडून दुसरं साल बघा. देऊळ पुरं झालं त्याच्या पुढच्याच वर्षी, १६६० च्या पावसाळ्यात, इथून वीसेक किलोमीटरवर चाकणच्या किल्ल्याला शाहिस्तेखानाचा वेढा पडला. फिरंगोजी नरसाळा जवळजवळ दोन महिने लढला. शेवटी सुरुंगानं बुरूज उडाला, किल्ला पडला, आणि खानानं चाकणचं नाव इस्लामाबाद ठेवलं. चाकण ही खरीखुरी सरहद्द होती: बहमनी, निजामशाही, आदिलशाही, मोगल, मराठे, सगळ्यांचा डोळा तिच्यावर. डोंगराचा आधार नाही. सगळी भिस्त तट, बुरूज आणि खंदकावर. १८८५ च्या गॅझेटियरनं बाहेरच्या मातीच्या तटाबद्दल १२९५ मधल्या एका हबशी सरदाराची ऐकीव गोष्ट नोंदवली आहे. ऐकीव म्हणूनच नोंदवली आहे, हे लक्षात घ्या. पुढे आपणच ती छातीठोकपणे सांगू लागतो.

देऊळ टिकलं आणि किल्ला का नाही? देवळाची गरज कधी संपलीच नाही. पूजा आहे, उत्सव आहे, इनामं होती, आज देवस्थानाचा ट्रस्ट आहे. पवनेला पूर आला की पाणी आत शिरतं, ओसरलं की धुऊनपुसून पुन्हा आरती. किल्ल्याची गरज मात्र १८१८ मध्ये इंग्रजांनी तो घेतल्यावर संपली. मग उरले तटाचे तुकडे, दरवाजा, थोडा खंदक, आणि अगदी भिडून उभी घरं. पण यात एक मेख आहे. वापरातली वास्तू टिकते खरी, मात्र प्रत्येक पिढी तिच्यावर आपला हात फिरवते. पडीक वास्तू ढासळते, पण उरलेला दगड जसाच्या तसा असतो.

हे आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत सांता फे इथं स्पॅनिश गव्हर्नरांचा वाडा आहे, १६१० च्या सुमाराचा. तिथला फार जुना सरकारी वाडा म्हणून त्याची ख्याती. पण लोक ज्याच्यापुढे फोटो काढतात ते ओसरीचं आजचं रूप विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं, जुनं दिसावं म्हणून मुद्दाम दिलेलं!

आणि आता जरा अवघड जागेकडे येऊ. पिंपरीतल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना १९५४ ची. देशाच्या पेनिसिलीनची सुरुवात इथली. या औद्योगिक गावाचं ‘प्राचीन’ खरं तर तेच. त्याच्या आधीची फाळणीनंतरच्या निर्वासितांची पिंपरी कॅम्पची वस्तीही. २०१६ च्या डिसेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळानं या कंपनीची अतिरिक्त जमीन विकायला मान्यता दिली. कर्जं फेडायची होती, कारण समजण्यासारखं आहे. पण त्या आवारातलं काय जपायचं, हा प्रश्न गावानं मोठ्यानं विचारल्याचं आम्ही तरी ऐकलं नाही. सत्तर वर्षांच्या इमारतीला आपल्याकडे ‘जुनाट’ म्हणतात, ‘जुनी’ नाही.

तेव्हा पहिल्या प्रश्नाला आमचं उत्तर असं: ज्या वास्तूचं साल तिच्याच अंगावर कोरलेलं आहे आणि जी वापरात आहे, अशात चिंचवडचं समाधी मंदिर, १६५९. चाकणचे काही दगड त्याहून जुने असतीलही, पण त्यांच्यावर तारीख नाही. ट्रस्टला आमची एक सूचना आहे. दारातल्या पाटीवर मूळ बांधकामाचं साल लिहा, आणि त्याखाली प्रत्येक मोठ्या दुरुस्तीचं. चार ओळी होतील. रंगाचा खर्च आम्ही वर्गणीतून देऊ.