आधी हसू, मग भीती

‘झपाटलेला’ पुन्हा लावला की सगळे तात्या विंचूचे डोळे बघतात, मी जबडा बघतो. बोलक्या बाहुल्याच्या ओठांच्या दोन्ही टोकांपासून हनुवटीपर्यंत दोन उभ्या चिरा असतात आणि मधला तुकडा वरखाली होतो. शब्दभ्रमकाराच्या मांडीवर हा तुकडा हलला की पोरं खिदळतात. १९९३ साली महेश कोठारे यांनी तोच तुकडा मांडीवाचून, माणसावाचून हलवून दाखवला आणि त्याच पोरांनी पांघरुणात तोंड खुपसलं. कल्पना अमेरिकेच्या ‘चाइल्ड्स प्ले’वरून आली, हे उघड आहे. पण तिथला चकी दुकानातलं खेळणं होता. आपल्याकडे पाध्यांचे बोलके बाहुले अर्धवटराव घरोघरी ओळखीचे, त्यांनी शंभरी केव्हाच ओलांडली आहे. तात्या विंचूही त्याच पाध्ये घराण्यातल्या रामदास पाध्यांच्या हातचा, आणि लिज्जत पापडाचा ससाही त्यांचाच. ज्याच्यावर आपण पिढ्यानपिढ्या हसलो, त्याच जातकुळीचा बाहुला उलटला, म्हणून मराठी माणूस हादरला.

विदूषकाच्या भयपटांकडे बघतानाही माझी कसोटी हीच असते. आधी मनापासून हसू आलं पाहिजे. ते आलंच नाही तर पुढची भीती नुसती रंगाची आणि रक्ताची.

हॉलिवूडला हे एके काळी नीट कळत होतं. १९२८च्या ‘द मॅन हू लाफ्स’मध्ये कॉनराड वाइटचं कायमचं फाकलेलं तोंड पाहून हसावं की रडावं, कळत नाही. त्याच चेहऱ्यावरून पुढे बॅटमनचा जोकर सुचला. १९९०च्या ‘इट’मध्ये टिम करी गटारातून बोलतो तेव्हा गल्लीतल्या फुगेवाल्याइतका लाघवी वाटतो, आणि म्हणूनच त्याच्या दिशेने सरकणाऱ्या पोराला मागे ओढावंसं वाटतं. २०१७च्या चित्रपटात बिल स्कार्सगार्ड पहिल्या क्षणापासून राक्षस आहे. अभिनय जबरदस्त, पण अशा माणसाजवळ कुठलं पोर जाईल? ‘टेरिफायर’मधला आर्ट हा विदूषक तर मूकाभिनयात अव्वल आहे, त्या कौशल्याचा वापर मात्र प्रेतं मोजण्यासाठीच होतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आपल्याकडे ‘इट’ची नक्कल झाली ती १९९८ साली झी टीव्हीवर, ‘वोह’ या मालिकेत. आशुतोष गोवारीकर त्यात होते आणि विदूषक होते बुटक्या उंचीचे लिलिपुट. त्या काळी शाळेत असलेल्या अंधेरी-घाटकोपरच्या कुणालाही विचारा, मालिकेचं नाव काढलं की तो आधी आवाज खाली आणतो. मला मात्र त्या निवडीत एक जुना गुंता दिसतो. युरोपात विदूषक रंगाने बनतो. आपल्या सर्कशीत जोकर म्हणजे बहुतेकदा बुटका माणूस, आणि हसू त्याच्या उंचीला. १८८० साली विष्णुपंत छत्र्यांनी भारतीय सर्कस उभी केली, तेव्हापासून कितीतरी तंबू आले आणि गेले, पण या हसण्याचा हिशेब कुणी मागितला नाही. त्याच शरीराला भुताच्या जागी उभं करायचं, तर आपण आयुष्यभर त्याला हसलो हे पडद्यावर मान्य करावं लागेल. आपल्या भयपटाने ही हिंमत अजून पुरती दाखवलेली नाही.

आणि दुसऱ्याचा लाल नाकाचा विदूषक उसना आणायची आपल्याला गरज तरी काय? आपल्याकडे संकासूर आहे.

लहानपणी शिमग्याला गुहागरकडे गेलो की तो दिसण्याआधी ऐकू यायचा. कमरेच्या घुंगरांचा खळखळ आवाज पाणंदीतून जवळ यायचा आणि आम्ही मागच्या दाराने पळायचो. काळा पायघोळ पोशाख, डोक्यावर उंच टोकदार टोपी, पांढरी दाढी. तो अंगणात येऊन नाचायचा, बायकांची थट्टा करायचा, मग अचानक वळून पोरांच्या मागे धावायचा. आजी मात्र त्याच्या पाया पडायची, त्याला नवस बोलायची. दक्षिणेकडे, सिंधुदुर्गाच्या दशावतारात तोच संकासूर काळ्या मुखवट्यातून लाल जीभ काढून येतो, वेद पळवलेला दैत्य असूनही मालवणीत एकाहून एक फिरक्या घेतो आणि शेवटी विष्णूच्या हातून मरतो. थट्टेखोर, भयंकर आणि पूजनीय, तिन्ही एकाच अंगात! एवढं जगातल्या किती विदूषकांना जमलं आहे?

पडद्यावर अशा विदूषकाच्या सगळ्यात जवळ गेला तो आदित्य सरपोतदारांचा ‘मुंज्या’, २०२४चा. लग्नाचा हट्ट धरून बसलेलं कोकणातलं भूत, हसवता हसवता मानेवर चढणारं. प्रेक्षकांनी त्याला डोक्यावर घेतलं, ते योग्यच. माझी तक्रार एकच आहे. तो मुंज्या संगणकावर घडला आहे. तात्या विंचूच्या जबड्यामागे एक हात होता, त्या हाताला अर्ध्या क्षणाचा उशीर व्हायचा आणि त्या उशिरातच अंगावर काटा यायचा. संगणक कधी उशीर करत नाही. २०२५मध्ये सुबोध खानोलकरांच्या ‘दशावतार’मध्ये दिलीप प्रभावळकर दशावतारी कलावंत होऊन आले तेव्हा मी हरखून गेलो. एके काळी तात्या विंचू साकारलेला नट तोंडाला रंग लावून दशावताराच्या रंगमंचावर! पण संकासुराला केंद्रस्थानी ठेवून कुणी भयपट केलेला मी अजून पाहिलेला नाही.

अंधेरीत ज्यांच्या कचेऱ्यांत भयपटांच्या गोष्टी लिहिल्या जातात, त्यांनी थंडीत भांडुप, मुलुंड, बोरिवलीच्या मैदानांवर दशावतारी मंडळी येतात तेव्हा एक रात्र काढावी. मागच्या खेपेला मी मुलुंडला पुढच्या रांगेत होतो. शेजारी चार-पाच वर्षांची मुलगी बापाच्या मांडीवर. संकासुराने रंगमंचाच्या कडेला येऊन जीभ वळवळवली आणि काहीतरी बोलला. मैदान हसलं, तीही हसली. मग तो तसाच थांबला, तिच्याकडे बघत, जीभ आत न घेता. तिचं हसू ओठांवर होतं तसंच राहिलं, आणि बापाच्या सदऱ्याचं बटण तिने मुठीत घट्ट धरलं.